थांबलेलं रक्त

मागच्या वर्षी मोशीच्या एका मंगल कार्यालयात एका गृहस्थांशी माझी ओळख करून देण्यात आली. मी त्यांना लगेच ओळखलं. आधी हर्निया, मग पित्ताशय, मग गुडघा, तिन्ही ऑपरेशनांना त्यांना भूल मीच दिली होती. त्यांचा खालचा एक दात हलतो हे बहुधा त्यांच्या बायकोच्याही आधी मला कळलं होतं. त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्ही कशाच्या डॉक्टर?"

"भुलीची."

"अच्छा, म्हणजे ऑपरेशन नाही करत," असं म्हणून ते जिलबीच्या टेबलाकडे वळले.

मला याचा राग येत नाही. म्हणजे पूर्वी यायचा, आता हसू येतं. आमचं काम उत्तम झालं की पेशंटला आमची आठवणच राहत नाही, आणि आठवण राहिली तर काहीतरी बिघडलं होतं असं समजायचं. असा धंदा जन्मभर केल्यावर माणूस एक तर संत होतो नाहीतर माझ्यासारखा फटकळ होतो.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत लहानमोठी हॉस्पिटलं भरपूर, पण पगारी भूलतज्ज्ञ ठेवणं प्रत्येकाला परवडत नाही. त्यामुळे आम्ही फिरते. फोन आला की निघायचं. सकाळी भोसरीला सिझेरियन, दुपारी चाकणला कुणाचा तरी मशीनमध्ये सापडलेला हात, संध्याकाळी हिंजवडीला अपेंडिक्स. आधी स्कूटर होती, मग छोटी गाडी आली, पण डिकीतली बॅग तीच. लोकांना वाटतं आम्ही इंजेक्शन देऊन झोपवतो आणि मोबाईल बघत बसतो. झोपवणं हा कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास, रक्तदाब, अंगाची ऊब, सगळं माझ्याकडे सोपवलेलं असतं. सर्जन कापलेल्या जागेकडे बघतो, मी उरलेल्या अख्ख्या माणसाकडे बघते, आणि शेवटी त्याला परत आणून घरच्यांच्या हवाली करते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशीनखाली बोटं चिरडलेल्या एका लातूरच्या मुलाचा मी फक्त हात बधिर केला होता. तो जागा होता. पडद्याच्या वर स्वच्छ करायला उचललेला स्वतःचाच हात बघून तो मला म्हणाला, "मॅडम, ह्यो कोणाचा हात हाय? त्याला म्हणावं खाली घे, माझ्या तोंडासमोर आलाय." हिंजवडीच्या एका आयटीवाल्याने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला एवढे प्रश्न पाठवले की परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः माणच्या रस्त्यावर कॅबमध्ये अडकला आणि तिथून फोन करून विचारत होता, "मॅडम, ट्रॅफिक हलत नाहीये, उपास चालू ठेवू की सोडू?" त्याचा सर्जनही त्याच ट्रॅफिकमध्ये दोन गाड्या मागे अडकलेला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

पण दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असं म्हटल्यावर मला आठवले ते चाकणजवळच्या निघोज्याचे आप्पा, आणि त्यांच्याहून जास्त त्यांची बायको हौसाबाई.

आप्पा निघोज्याचे मूळचे शेतकरी. जमिनीचा बराच भाग कंपन्यांत गेला, राहिलेल्या तुकड्यावर ऊस आणि थोडा भाजीपाला. स्वतः आप्पांनी एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. त्यांना रक्ताची उलटी झाली म्हणून थोरला मुलगा संतोष त्यांना आमच्या नेहमीच्या हॉस्पिटलात घेऊन आला. शौचालाही डांबरासारखं काळं होत होतं. हे दोन-तीन दिवस चाललेलं, पण आप्पांनी घरी सांगितलं नव्हतं. पोटात उष्णता झाली असं स्वतःच ठरवून ते सब्जाचं पाणी पीत बसले होते.

पोटाचे डॉक्टर निनाद म्हणून एक तरुण आहेत, हुशार आणि सरळ. त्यांनी तोंडातून दुर्बीण घालून बघायचं ठरवलं आणि गुंगी द्यायला मला बोलावलं. जठरात थोडे ओरखडे दिसले. आप्पा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते आणि रक्त पातळ करण्याची एक गोळीही चालू होती. या दोन्हींनी असे ओरखडे पडतात आणि त्यातून रक्त जातं. कारण मिळालं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, रक्तस्राव थांबला. सगळे खूश.

मी मात्र आप्पांच्या पोटाकडे बघत होते. छातीच्या हाडाखालून थेट ओटीपोटापर्यंत जुना, सरळ, पांढरा व्रण.

गुंगी उतरल्यावर विचारलं, "आप्पा, हे कशाचं ऑपरेशन?"

"ते व्हय? पोटातली मोठी नस फुगली व्हती. पुण्यात बदलून घेतली. लई वर्सं झाली त्याला. एकदम ओके."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, पाठीच्या कण्याच्या पुढून खाली येते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभंगते. काही लोकांत ती पोटात फुग्यासारखी फुगते. फुटली तर माणूस जातो, म्हणून तो भाग बदलून तिथे खास कापडाची नळी शिवतात. ऑपरेशन मोठं असतं, पण माणूस पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. अडचण एवढीच, की आतड्याचा सुरुवातीचा भाग नेमका त्या नळीला लागून आडवा जातो. क्वचित, अगदी क्वचित, ती शिवण आणि आतडं एकमेकांवर घासत राहतात, तिथे जंतू शिरतात, आणि एक दिवस दोन्हींच्या मध्ये भोक पडतं. मग महाधमनीतलं रक्त सरळ आतड्यात उतरतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की पहिल्या वेळी ते बहुधा थांबतं. रक्तदाब उतरतो, भोकावर गुठळी बसते, पेशंटला बरं वाटतं, नातेवाईक देवाला नारळ फोडतात. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी ती गुठळी निघते. त्यानंतर बोलायलाही वेळ मिळत नाही. आणि ते भोक ज्या जागी असतं तिथपर्यंत नेहमीची दुर्बीण बहुतेक वेळा पोचतच नाही.

पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला असताना मी असा एक पेशंट बघितला होता. त्याचंही रक्त थांबलं होतं. घरी जाऊन जेवला आणि तिथेच संपला. त्यामुळे आप्पांचं रक्त थांबलं हे ऐकून बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला, तेव्हा माझा वर आला.

मी निनादना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, शक्यता आहे, पण ओरखड्यांनी सगळं जुळतंय. डाय देऊन सीटी करायचा तर तो डाय किडनीला जड जातो, आणि त्यांचे किडनीचे आकडे आधीच चढलेत. ते उतरले की आठवड्याने करू." त्यांचं चूक म्हणता येणार नाही. त्या दुखण्याचा पेशंट अनेक डॉक्टरांना आख्ख्या आयुष्यात दिसत नाही. मग मी सलीलला फोन लावला. सलील रक्तवाहिन्यांचा सर्जन, वयाने माझ्याहून बराच लहान, फोनवर तुटक बोलतो पण हात असा की बघत राहावं. तो कोल्हापूरला गेला होता.

"मॅडम, घरी सोडू नका. मी उद्या सकाळी येतो. सीटी करू, किडनीचं नंतर बघू. घरी मात्र सोडू नका."

हे मी निनादना कळवेपर्यंत दुपार झाली होती, आणि त्यांनी सकाळच्या राउंडला आप्पांना जायला हरकत नाही असं सांगून टाकलं होतं. त्यांनी शब्द फिरवायची तयारी दाखवली. "पण नातेवाईक ऐकणार नाहीत, मॅडम. त्यांची उद्या जमिनीची मोजणी आहे. तुम्हीच बोला."

मी वॉर्डात गेले तर आप्पा शर्ट घालून, टोपी चढवून पलंगावर तयार बसलेले. संतोष गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा.

गोष्ट अशी होती. आप्पांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा, तात्यांचा, बांधावरून जुना वाद. बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झालेली. दोघांच्या जमिनीच्या मधली हद्द ठरवायला सरकारी मोजणीची तारीख फार वाट बघून लागली होती, आणि ती नेमकी दुसऱ्या दिवशीची. पूर्वी त्या बांधाला कुणी विचारत नव्हतं. आता पलीकडून नवा रस्ता जाणार अशी चर्चा होती, त्यामुळे हातभर जमिनीलाही महत्त्व आलं होतं.

मी संतोषला सगळं समजावलं. कागदावर चित्र काढून दाखवलं. तो मन लावून बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबर हाय. पण दुर्बीण केली, रक्त पण थांबलंय. आन् उद्या आप्पा बांधावर नसले तर भावकी दगड सरकवणार. हद्दीचा मूळ दगड कुठं हाय ते फकस्त आप्पांनाच म्हाईत."

"तू जा की मोजणीला."

"माझं कोन ऐकतंय तिथं?"

आप्पांनी तर मलाच तडजोड सुचवली. "असं करू बाई. सकाळी मोजणी करतो आन् सांजच्याला परत येऊन झोपतो. पलंग तेवढा ठिवा." जसं काही मी लॉज चालवत होते.

मी चिडले, ओरडले. "आप्पा, ती नळी सुटली तर बांधावरून तुम्हाला उचलून आणावं लागेल." आप्पा हसले. त्यांना खरंच बरं वाटत होतं, त्याला मी काय करणार? बरं वाटणाऱ्या माणसाला भीती घालणं हे फार अवघड काम आहे, त्यावर अजून कुणी इंजेक्शन काढलेलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये हौसाबाई गोधडीची घडी घालत बसल्या होत्या. खाली जमिनीवर सतरंजी, शेजारी डबा आणि थर्मास. बुटक्या, कपाळाला मोठं कुंकू, फारसं न बोलणाऱ्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी जेमतेम एकदा ऐकला असेल. मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर टेकले. चित्र काढून झालं होतं, आरडाओरडा करून झाला होता.

आमच्या भागात शनिवारी आणि अमावस्येला पेशंट घरी न्यायचा नाही अशी पक्की रीत आहे. नेला तर परत आणावा लागतो म्हणतात. सगळ्या हॉस्पिटलांना हे माहीत असतं. अमावस्येला डिस्चार्जचे कागद तयार करून ठेवले तरी कुणी हलत नाही. मी या प्रकाराची आयुष्यभर टर उडवत आले. त्या दिवशी वार तर शनिवार नव्हता. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "हौसाबाई, आज अमावस्या आहे ना हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घडी घातलेली गोधडी पुन्हा उलगडली, उठल्या, वॉर्डात गेल्या आणि आप्पांच्या पायाशी पलंगावर जाऊन बसल्या.

"आज अमावस्या हाय. आज घरी न्यायचं न्हाई."

"आई, अमावस्या कुठली आता?" संतोषने खिशातून मोबाईल काढला.

"ठिव तो खिशात! माझ्यापरीस जास्ती कळतं का त्याला?"

"अगं पन मोजणी..." आप्पा म्हणाले.

"मोजणी गेली खड्ड्यात. अमावस्येचं मानूस मी उंबऱ्यातून आत घ्यायची न्हाई. जायाचं तर जावा, पन घरी यायचं न्हाई."

एवढ्या सगळ्या डॉक्टरांना जे जमलं नव्हतं ते त्यांनी दोन वाक्यांत करून दाखवलं. आप्पांनी चरफडत टोपी काढली. संतोष धुसफुसत बाहेर गेला. मला हसूही येत होतं आणि आपण एका भोळ्या बाईला फसवलं असं वाटून ओशाळल्यासारखंही होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलील आला तो थेट गाडीतून उतरून सीटीच्या खोलीत. पडद्यावर त्याने मला बोट ठेवून दाखवलं. कापडाच्या नळीभोवती हवेचे बारीक बुडबुडे. आतड्यातली हवा तिथे पोचली होती, म्हणजे मधली भिंत राहिली नव्हती. "आजच घेऊ," तो म्हणाला. आम्ही थिएटर तयार करायला सांगितलं, रक्तपेढीला फोन केला. आप्पांचा रक्तगट बी निगेटिव्ह, सहसा न मिळणारा. थोड्या पिशव्या होत्या, पण पुऱ्या पडतील अशा नव्हत्या.

आणि सीटीवरून परत आणताना, वॉर्डाच्या दारातच आप्पांना दुसरी उलटी झाली. पहिल्यासारखी नाही. मी एवढ्या वर्षांत खूप रक्त बघितलंय, पण असं क्वचितच. स्ट्रेचर, चादर, संतोषचा शर्ट, सगळं लाल. ते बांधावर असते तर?

आम्ही थिएटरकडे धावलो. लिफ्ट वर गेलेली. तेवढ्या वेळात हौसाबाई स्ट्रेचरची दांडी धरून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी आप्पांच्या हातात जाड सुई घालत होते. वर न बघता म्हणाले, "बरं झालं हौसाबाई, तुम्ही काल अमावस्या पाळली."

"अमावस्या तर परवाच झाली, बाई."

मी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि हसूही नव्हतं.

"मग तुम्ही काल..."

"तुमी खाली येऊन माझ्या सतरंजीवर बसला. तोंड पार उतरलेलं. शिकली-सवरलेली बाई अमावस्या काढून बसली, तवाच मला कळलं कायतरी मोठं हाय. उगं कोन खोटं बोलतंय?" लिफ्टचं दार उघडलं. त्यांनी दांडी सोडली. "आता तुमीच त्यांना माघारी आना."

मी त्यांना फसवलं नव्हतं. त्यांनी माझं धडधडीत खोटं झेललं होतं, आणि नवऱ्याचा, मुलाचा रोष स्वतःवर घेतला होता, कशासाठी, तर माझा चेहरा उतरलेला दिसला म्हणून. असा विश्वास माझ्यावर कुणी कधी टाकला नव्हता. आता आप्पांना परत आणल्याशिवाय मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

अशा ऑपरेशनला भूल देण्याची रीत वेगळी. एरवी आधी पेशंट झोपवायचा, मग सर्जन हात धुऊन येतो. इथे उलटं. माणसाला भूल दिली की पोटाचे स्नायू सैल पडतात, रक्तदाब ढासळतो, आणि आत कशीबशी दबून राहिलेली जागा मोकळी सुटते. म्हणून पेशंटला जागाच ठेवायचा. पोटाला औषध लावायचं, हिरव्या चादरी टाकायच्या, सर्जनने हातात सुरी घेऊन उभं राहायचं, आणि तो "तयार" म्हणाला की मगच मी औषध सोडायचं. झोप लागायला आणि सुरी चालायला एकच गाठ पडली पाहिजे. हे पेशंटसाठी फार भयंकर असतं. उघडं पोट, गार औषध, मास्क बांधलेली माणसं आणि आपण टक्क जागे.

आप्पा थरथरत होते. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहून कपाळावर हात ठेवला.

"बाई, हद्दीचा दगड..." त्यांचा आवाज खोल गेला होता. "उंबराच्या बुंध्यात गेलाय. मुळांनी गिळलाय. वरून दिसायचा न्हाई. हिला सांगा."

"मी नाही सांगणार. उठल्यावर तुम्हीच सांगा."

"आन् न्हाई उठलो तर?"

"माझा पेशंट उठतो," मी म्हणाले. हे त्या आठवड्यातलं माझं दुसरं धडधडीत खोटं.

"तयार," सलील म्हणाला.

मी औषध सोडलं. आप्पांच्या पापण्या मिटल्या, पोटातलं वर येऊन श्वासात जाऊ नये म्हणून मदतनीस सिस्टरने गळ्यावर दाब दिला, मी श्वासनलिकेत नळी घातली, आणि तेवढ्यात सलीलने जुन्या व्रणावरून पोट उघडलंसुद्धा. मॉनिटरवरचा रक्तदाब घसरत घसरत जवळजवळ दिसेनासा झाला. आम्ही रक्त हातानं पिळून आत ढकलत होतो. माझ्या शेजारी कुणीतरी दुसरी पिशवी पिळत होतं, वळून बघितलं तर निनाद. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून आले होते. सलीलने आतड्यांखालून हात घातला, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी चाचपडत छातीच्या पडद्याखाली महाधमनीवर चिमटा लावला. त्याला तिथे काही दिसत नव्हतं, सगळं रक्तात बुडालेलं. तो "लावला" म्हणाला, आणि थोड्या वेळाने माझ्या मॉनिटरवर रक्तदाबाचा आकडा हळूहळू वर चढू लागला. आजही तो क्षण आठवला की सलीलच्या बोटांना नमस्कार करावासा वाटतो.

पुढचं काम लांबलचक होतं. जुनी कापडाची नळी काढली, महाधमनीचं तोंड शिवून बंद केलं. आतड्यातलं भोक शिवलं. पण त्या दूषित जागेत लगेच दुसरी नळी बसवायची सलीलची तयारी नव्हती, मग पायांना रक्त कुठून द्यायचं? त्याने नवा रस्ता काढला. गळ्याच्या हाडाखालच्या रक्तवाहिनीतून एक लांब नळी, कातडीच्या आतून, बरगड्यांच्या कडेने खाली, थेट दोन्ही मांड्यांपर्यंत.

मधेच रक्त संपत आलं. सिस्टर बाहेर विचारायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "मॅडम, रक्तपेढीत निघोज्याची अख्खी जीप आलीये. त्यातल्या एकाचं बी निगेटिव्ह आहे. तपासून पाठवतायत."

"कोण आहे?"

"पेशंटचे चुलतभाऊ म्हणे."

नंतर संतोषकडून कळलं. गावात एकदा रक्तदान शिबिर झालं होतं, त्यात दोन्ही भावांचा गट एकच निघाला होता, हे हौसाबाईंच्या लक्षात होतं. त्यांनी तात्यांना फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तात्या तेव्हा बांधावरच उभे होते, मोजणीवाले यंत्र लावून बसलेले. हौसाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, "तात्या, ह्यांचं रक्त तुझ्याशीच जुळतंय." तात्यांनी पुढचं ऐकून घेतलं नाही. नाईट शिफ्ट सुटून आलेल्या पोरांना तिथूनच जीपमध्ये कोंबलं, कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच. मोजणीवाल्यांना सांगितलं, दोन्ही पार्ट्या हॉस्पिटलात आहेत, तुम्ही जा.

शेवटी लावलेल्या पिशव्यांत तात्यांची एक होती.

आप्पांना शुद्धीवर यायला वेळ लागला. किडनीने त्रास दिला, ताप आला, एकदा तर आम्ही सगळ्यांनीच आशा सोडली होती. मी रोज कामं आटोपून आयसीयूत डोकावून जायची. माझं काम थिएटरच्या दारात संपलेलं, खरं तर तिथे माझा काही संबंध नव्हता. हौसाबाई बाहेर त्याच सतरंजीवर. काही विचारायच्या नाहीत. फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि त्यांना काय ते समजायचं. मला खोटं हसायचीही सोय राहिली नव्हती.

मग एके सकाळी आप्पांच्या घशातली नळी काढली. मी हौसाबाईंना आत घेऊन आले. त्यांनी आप्पांच्या कुशीवर हात ठेवला आणि दचकून काढला.

"बाई, हितं काय धडधडतंय?"

"ती नवी नळी आहे. तिच्यातून पायांना रक्त जातंय."

त्यांनी पुन्हा हात ठेवला आणि मग काढलाच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मीही रडले. भुलीच्या डॉक्टरने आयसीयूत रडायचं नसतं, पण कोण विचारतंय.

आप्पांनी डोळे उघडले. घसा बसलेला, शब्द फुटत नव्हते. हौसाबाईंनी कान जवळ नेला.

"मोजणी?"

"झाली न्हाई. तात्या बांध सोडून हितं आला. रक्त दिलं त्यानं तुमाला."

आप्पांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता मला तो उंबराचा दगड सांगताहेत की काय. मी पुढे वाकले.

"तात्याचं रक्त माझ्यात?"

"व्हय."

"मंग आता हद्द कुठनं धरायची?"

हौसाबाईंनी कुशीवरचा हात न हलवता उत्तर दिलं, "आदी घरी चला."